ट्रॅक्टर उलटला तर नव्या रेस्क्यू व्हॅनचा उपयोग काय?

तुमचा प्रश्न असा, की नगर परिषदेच्या अग्निशमन दलाला मिळालेल्या रेस्क्यू व्हॅनमध्ये पाण्याची मोठी टाकी नाही, मग वावरात ट्रॅक्टरखाली माणूस दबला तर तिची वाट का पाहायची, जेसीबीच का लावू नये.

जेसीबी लावू नका. ओढलं की ट्रॅक्टर आडवा सरकतो आणि खालच्या माणसाला रगडतो. तो सरळ वर, इंचाइंचानं उचलावा लागतो. त्यासाठी व्हॅनमध्ये लिफ्टिंग बॅगा असतात. बॅग म्हणजे इंचभर जाडीची रबरी गादी. सिलिंडरमधली हवा रेग्युलेटरमधून ८ बार दाबानं तिच्यात सोडतात. दर चौरस सेंटिमीटरला साधारण ८ किलो, म्हणजे ५० बाय ५० सेंटिमीटरची बॅग कागदावर २० टन उचलते. पण फुगत गेली की ती गोल होते, टेकणारा भाग घटतो आणि ताकदही उतरते. म्हणून बॅग आणि लोखंड यांत फट ठेवायची नाही.

माझ्या लेखी त्या गाडीतली सगळ्यात मोलाची वस्तू म्हणजे लाकडी ठोकळे. ४ बाय ४ इंचाचे, दीड-दोन फूट लांब. दोन ठोकळे शेजारी समांतर निजवायचे, त्यावर दोन काटकोनात, टोकं चार इंच बाहेर. ट्रॅक्टर इंचभर उठला की ठोकळा किंवा पाचर सरकवायची, मगच पुढची हवा. धारदार पत्र्यानं बॅग फाटली, तरी ट्रॅक्टर त्या ठोकळ्यांवरच टेकतो. बोटं मात्र भाराखाली जाता कामा नयेत.

आपल्याकडे घोळ होतो तो काळ्या मातीनं. ओल्या वावरात हवा भरली की ट्रॅक्टर जागेवर आणि बॅग गाऱ्यात. आधी खाली रुंद, जाड फळी हवीच. मागच्या टायरात पाणी भरलंय का, हेही मालकाला विचारावं, वजन बरंच वाढतं.

स्टिअरिंग किंवा पत्रा आड येत असेल तर लोखंड कापणारा हायड्रॉलिक कटर आणि फाकवणारा स्प्रेडर आहेतच.

गाडी येईपर्यंत इंजिन बंद करा, बॅटरीची वायर काढा, बिडी-काडी लांब ठेवा, ट्रॅक्टर हलू नये म्हणून दगड-लाकडं लावा. ११२ सोबत १०८ लाही फोन करा. माणूस तासाभरापेक्षा जास्त दबलेला असेल तर भार काढण्याआधी डॉक्टर जवळ हवेतच. दबलेल्या स्नायूंतलं पोटॅशियम एकदम रक्तात येऊन हृदय थांबू शकतं. आणि फाट्यावर टॉर्च घेऊन एक माणूस उभा करा, पांदण रस्ता बाहेरच्या ड्रायव्हरला सापडत नाही.