अनंताची नवी पानं पिवळी पडतात, कळ्या उमलायच्या आत गळतात. खत वाढवू का?

खत वाढवू नका. पुण्यात गच्चीवरची कुंडी, बागेतली काळी माती आणि रोज बोअरचं पाणी, एवढं तुम्ही सांगितलंत त्यावरूनच दुखणं कळतं. तुमचं झाड उपाशी नाही, त्याला माती आणि पाणी मानवत नाहीये.

अनंत हे कॉफीच्या कुळातलं झुडूप, मूळचं दक्षिण चीन, तैवान, जपानकडचं. त्याला आम्लधर्मी माती लागते, सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकी माती आम्ल) साधारण ५ ते ६. आमच्या कोकणात जांभ्याची माती मुळातच आम्ल, वर पावसाचं मृदू पाणी. म्हणून परसात एकदा लावलेला अनंत फारशी निगा न राखताही माणसाच्या उंचीच्या वर जातो आणि पावसाच्या तोंडावर पांढराशुभ्र होतो. देशावरच्या काळ्या मातीत चुनखडी असते, बोअरचं पाणीही बहुधा जड, म्हणजे क्षारांचं. अशा मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. कोवळं पान पिवळं आणि त्यातल्या शिरा तेवढ्या हिरव्या, ही त्याची खूण. खालची जुनी पानं मात्र अधूनमधून पिवळी होऊन गळणारच. सदाहरित झाड पानं टाकतच नाही असं नाही.

पावसाळ्याच्या सुरुवातीला कुंडी बदला. निम्मी लाल माती, उरलेल्यात कोकोपीट आणि चांगलं कुजलेलं पालापाचोळ्याचं किंवा गांडूळखत. कुंडी बारा-चौदा इंची, तळाला भोकं मोकळी. चुना, राख, अंड्याची टरफलं यातलं काहीही घालू नका. इतर झाडांना चालणाऱ्या या गोष्टी अनंताला त्रासदायक, कारण त्यांनी सामू आणखी चढतो. गच्चीवर पिंपात पावसाचं पाणी साठवता आलं तर त्यासारखं दुसरं औषध नाही. लोहासाठी हिराकस (फेरस सल्फेट) लोक सुचवतात, पण चुनखडीच्या मातीत त्यातलं लोह लगेच बांधलं जातं, मुळांना मिळत नाही. कृषी केंद्रात ईडीडीएचए प्रकारचं चिलेटेड लोह (अशा मातीतही मुळांना घेता येईल असं बांधलेलं लोह) मागा आणि पाकिटावरच्या प्रमाणात द्या. आधी पिवळी झालेली पानं पूर्ण सुधारली नाहीत तरी चालेल, नव्या फुटीचा रंग पाहा.

आता कळ्या. अनंताची कळी हिरवट, पिळदार असते आणि फुलायला बरेच दिवस घेते. तेवढ्या काळात माती एकदा कोरडी ठाक, एकदा चिखल, असं झालं की झाड कळी सोडून देतं. उन्हाळ्यात गच्चीची फरशी तापते, तेव्हा कुंडी विटांवर ठेवा, मातीवर सुक्या पानांचा थर द्या आणि सकाळी पाणी घाला. सकाळचं चार-पाच तास ऊन हवंच, दुपारी सावली. कळ्या धरल्यावर कुंडी इकडची तिकडे हलवू नका. कळ्या आतून तपकिरी होत असतील तर फुलकिडे आहेत का ते बघा; पानांमागे पिठ्या ढेकूण किंवा पांढरी माशी दिसली तर संध्याकाळी कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करा.

भरगच्च पाकळ्यांच्या अनंताला फळ धरत नाही, कारण त्याच्या पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात. एकेरी जातीला नारिंगी फळं येतात आणि जपानमध्ये त्यांचा पिवळा रंग खाण्यात वापरतात. आपल्या सह्याद्रीतली डिकेमाली ही अनंताचीच सख्खी जातभाई, हे मला फार आवडतं.

छाटणी बहर संपल्याबरोबर करा. हिवाळ्यात कात्री लावली तर पुढच्या कळ्याच कापल्या जातात. छाटलेल्या अर्धवट जून फांद्या वीतभर ठेवून, वरची दोनच पानं राखून, ओल्या कोकोपीटमध्ये सावलीत खोचा. भर पावसाळ्यात त्या सहज मुळं धरतात.