डीपी उलटाही चालतो

पूर ओसरला की कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या माझ्या दुकानात जळक्या मोटरी येतात आणि त्यांच्यासोबत तेच ते प्रश्न. यंदा एकदाच लिहून टाकतो.

धरणावर पाण्यातली वीज काढून घेतात. मग उसाला निकस पाणी मिळतं का? (राधानगरी)

नाही. पाण्यात वीज नसतेच, काढणार कुठून? पडणारं पाणी टर्बाइन फिरवतं, टर्बाइन चुंबकाला फिरवतं आणि भोवतीच्या तांब्याच्या वेटोळ्यांत व्होल्टेज तयार होतं. फॅरडेने १८३१ साली दाखवलेलं तत्त्व हेच. वीजगृहातून सुटलेलं पाणी भोगावतीतून पंचगंगेला मिळतं आणि त्यावर ऊस उत्तम येतो.

व्होल्टेज आणि करंट एकच ना? (कागल)

नाही. व्होल्टेज म्हणजे पाइपातला दाब, करंट म्हणजे वाहणारं पाणी. तोटी बंद असली तरी दाब असतोच.

डिझेलशिवाय पंप चालवणारा चुंबकी जनरेटर व्हिडिओत पाहिला. आगाऊ पैसे मागतात. (शिरोळ)

एक रुपया देऊ नका. डिझेल जनरेटरजवळ उभे राहा आणि पंप सुरू करायला सांगा. इंजिनाचा आवाज क्षणभर खाली बसतो, मग डिझेल वाढतं. वेटोळ्यातून करंट वाहू लागला की तो फिरणाऱ्या चुंबकाला अडवतो. त्या अडवणुकीवर मात करायला जी ताकद खर्च होते, तिचीच वीज होते. डिझेलच नसेल, तर ती ताकद येणार कुठून? तरी मोह होत असेल, तर आधी जवळच्या इंजिनिअरिंग कॉलेजात विचारा.

पुरात लाइट नव्हती. दोन्ही टोकांना पिना लावलेल्या वायरने जनरेटर घरातल्या सॉकेटला जोडला. मेन स्विच पाडला की चालतं म्हणतात. (प्रयाग चिखली)

कोण म्हणतं? अशी एक वायर माझ्या टेबलावर आहे. तिच्या एका पिनेचं पितळ वितळून काळं पडलंय. एक टोक सॉकेटमधून निसटलं, की तुमच्या पोराच्या पायाशी उघडे २३० व्होल्ट.

त्याहून मोठी भीती बाहेर आहे. डीपी, म्हणजे गावातला ट्रान्सफॉर्मर, ११,००० व्होल्ट उतरवून आपल्याला देतो, हे सगळ्यांना माहीत असतं. तो उलटाही चालतो, हे कुणी ध्यानात घेत नाही. दिवसभर चिखल उपसून दमलेला माणूस मेन पाडायला विसरला, तर तुमचे २३० डीपीत शिरून वरच्या तारेवर हजारो व्होल्ट होऊ शकतात. तिथे लाइनमन काम करत असतो, तुमचीच लाइट आणायला. गावाच्या लोडने जनरेटर दबून बंद पडतो म्हणे. पडेलही, पण तार तुटून लोडच सुटला असेल, तर दबणार कशाने?

चेंजओव्हर स्विच बसवा. त्यात लाइन आणि जनरेटर एका वेळी लागूच शकत नाहीत. पुढच्या जूनची वाट बघू नका आणि काम परवानाधारक इलेक्ट्रिकल कंत्राटदाराकडूनच करून घ्या. अर्थिंगही त्याच्याकडूनच तपासून घ्या.

गच्चीवर सोलर आहे, तरी लाइट गेली की तोही बंद पडतो. फसवलं का? (कोल्हापूर)

नाही. लाइन मेली की सोलरचा ऑन-ग्रिड, म्हणजे लाइनला जोडलेला, इन्व्हर्टर मुद्दाम थांबतो, त्याच लाइनमनसाठी. तेव्हाही वीज हवी असेल तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागेल. विकताना हे सांगितलं नसेल, तर विक्रेत्याला जरूर जाब विचारा. पण जोडणीला स्वतः हात लावू नका.