वरचे दूध सुरू झाल्यावर पुन्हा अंगावर पाजता येते का?

डेंग्यूमुळे रुग्णालयात राहावे लागले, त्या दिवसांत बाळाला बाटली लागली आणि आता महिनाभराने अंगावरचे दूध जवळजवळ आटले आहे, असे तुम्ही लिहिले आहे. 'एकदा दूध तुटले की पुन्हा येत नाही' असे तुमच्या सासूबाई म्हणतात, पण ते खरे नाही. बाळ अजून तीन महिन्यांचे झालेले नाही आणि खंडही महिन्याचाच आहे, त्यामुळे तुमच्या बाबतीत शक्यता चांगली आहे.

दूध येते ते मुख्यतः चोखण्याने. बाळ स्तन चोखते तेव्हा आईच्या शरीरात प्रोलॅक्टिन हे संप्रेरक (हार्मोन) स्रवते, त्याने दूध तयार होते आणि रात्री या संप्रेरकाचे प्रमाण अधिक असते. म्हणून चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, रात्रीची वेळ न टाळता, दोन्ही बाजूंना बाळाला घ्यावे. सुरुवातीला काहीच येत नाही असे वाटेल, तरीही घेत राहावे. काहींना आठवड्याभरात थेंब दिसू लागतात, तर काहींना कित्येक आठवडे लागतात. अळीव, मेथी, डिंकाचे लाडू, शतावरी यांना माझा विरोध नाही (बाळंतिणीला पोटभर खायला मिळावे, एवढे तरी त्यांतून साधते). पण बाळ अंगावर चोखत नसेल, तर नुसत्या लाडवांनी पान्हा फुटत नाही. दूध वाढावे म्हणून काही डॉक्टर डॉमपेरिडोन हे औषध देतात. त्याचा हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, तेव्हा शेजारणीच्या चिठ्ठीवर ते दुकानातून आणू नये. इस्ट्रोजेन असलेल्या गर्भनिरोधक गोळ्या चालू असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे, कारण त्यांनी दूध कमी होते.

खरी कसोटी बाळाला पुन्हा स्तनाकडे वळवण्याची असते. बाटलीतून धार आपोआप येते, स्तनातून ती ओढावी लागते. त्यामुळे बाळ तोंड फिरवते, पाठ ताणून रडते, आणि 'याला माझे दूध नकोच' असे आईला वाटू लागते. अशा वेळी कडकडून भूक लागलेल्या बाळाला जबरदस्तीने लावू नये. थोडे वरचे दूध पाजून ते शांत झाल्यावर किंवा अर्धवट झोपेत असताना, कपड्यांविना उघड्या छातीशी घेऊन प्रयत्न करावा. बाटली बंद करून वरचे दूध वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने द्यावे. बाळ स्तन तोंडात घेत असेल, पण दूध नसल्याने सोडून देत असेल, तर एक बारीक नळी उपयोगी पडते: तिचे एक टोक दुधाच्या वाटीत आणि दुसरे स्तनाग्राजवळ चिकटपट्टीने लावलेले असते, त्यामुळे बाळ चोखते अंगावर आणि त्याला वरचे दूध मिळते. वाटी वर उचलली की धार वाढते, खाली नेली की मंदावते. नळी कोणती घ्यावी, ती स्वच्छ कशी ठेवावी, हे मात्र परिचारिकेकडून एकदा प्रत्यक्ष पाहून घ्या. बाळ अजिबातच घेत नसेल, तर त्याच वेळा पाळून हाताने किंवा पंपाने दूध काढत राहावे.

वरचे दूध एकदम तोडू नये, कारण अंगावरचे वाढेपर्यंत बाळाचे पोट त्यावरच भरायचे आहे. पावडरीत ठरल्यापेक्षा जास्त पाणी घालून ते पुरवणेही धोक्याचे. अंगावरचे दूध येऊ लागल्यावर दिवसाच्या एकूण मापातून ३० ते ६० मिलिलिटर कमी करावे आणि बाळाला तेवढे पुरते आहे असे दिसल्यावरच पुढचे कमी करावे. दिवसाला सहा किंवा अधिक वेळा फिकट रंगाची लघवी आणि आठवड्याला किमान १२५ ग्रॅम वजनवाढ, या दोन खुणांवर लक्ष ठेवा. वजन दर आठवड्याला एकाच काट्यावर, अंगणवाडीत किंवा नागरी आरोग्य केंद्रात करावे. लघवी कमी झाली किंवा बाळ सुस्त वाटले, तर त्याच दिवशी बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे.

पूर्ण दूध सगळ्यांनाच परत येते असे नाही. निम्मे आले आणि निम्मे वरचे राहिले, तरी मी त्याला अपयश म्हणणार नाही.

घणसोलीहून तुम्हाला वाशीचे महापालिका रुग्णालय जवळ आहे. तेथे बालरोग विभागात स्तनपानाविषयी मार्गदर्शन कोण करते याची चौकशी करा. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात १९८९ पासून मातृदूध पेढी (मातांनी दान केलेले दूध साठवून गरजू बाळांना देणारी सोय) आहे. वाशीत काम झाले नाही, तर तेथेही विचारता येईल.

महापे येथील नोकरीचेही तुम्ही विचारले आहे. मातृत्व रजेच्या कायद्यात २०१७ मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळते, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय व तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा द्यावी लागते. रजा संपायच्या आत, आताच कार्यालयाला लेखी विचारून ठेवा.