प्रार्थनेला बसलं की मन कुठेच्या कुठे जातं… (वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं)

या वेळी आलेल्या पत्रांत आणि मेसेजमधे एकच गोष्ट वेगवेगळ्या शब्दांत परत परत विचारली आहे, की देवावर मन टिकत नाही, काय करू. म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकासाठी ठेवले आणि सगळी जागा याच विषयाला दिली. नावं कोणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : ताई, मी रोज सकाळी प्रार्थनेला बसते, पण दोन मिनिटं होत नाहीत तोच मन पळतं. डोळे मिटलेले असतात, ओठावर प्रभूचं नाव असतं आणि आत मात्र दिवसभराच्या कामांची यादी चालू असते. आमेन म्हणताना इतकी लाज वाटते. माझा विश्वासच कमी आहे का?

नाही. आणि हे मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हणत नाहीये, येशूला पकडलं त्या रात्री गेथशेमाने बागेत काय झालं ते बघा ना (मत्तय २६). प्रभू येशूने पेत्र आणि जब्दीची दोन मुलं या तीन शिष्यांना जवळ घेतलं, माझ्याबरोबर जागे राहा एवढंच सांगितलं, आणि ते झोपले. एकदा नाही, तो तीन वेळा परत आला आणि तिन्ही वेळा ते झोपलेलेच. एक तासभर सुद्धा जागता आलं नाही का, असं त्याने विचारलं खरं, पण त्याच दमात कारणही त्यानेच सांगितलं, की आत्मा उत्सुक आहे पण देह अशक्त आहे. म्हणजे तुमचं मन थकतं, पळतं, गुंगतं हे त्याला तुमच्याआधी माहीत आहे आणि तरी तो तुम्हाला बोलावतो. लाज वाटून प्रार्थना सोडून देणं हेच खरं नुकसान आहे, मन भटकणं तेवढं नाही.

आता करायचं काय ते सांगते. मार्टिन लूथर या जर्मन धर्मसुधारकाला त्याच्या न्हाव्याने, पीटर त्याचं नाव, हाच प्रश्न विचारला होता की प्रार्थना कशी करू, आणि लूथरने १५३५ साली त्याला चांगलं सविस्तर लिहून दिलं. त्यात तो म्हणतो की चांगल्या न्हाव्याचं सगळं लक्ष वस्तऱ्यावर आणि केसांवर असतं, तो जर गप्पा मारत इकडेतिकडे बघत बसला तर गिऱ्हाईकाचं नाक तरी कापेल नाहीतर गळा तरी. हे झालं लक्ष देण्याबद्दल. पण मला त्यातला पुढचा भाग जास्त मोलाचा वाटतो, तो म्हणतो प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) घ्या, एकेक ओळ म्हणा आणि प्रत्येक ओळीवर थांबून स्वतःच्या शब्दात देवाशी बोला, आणि असं करताना एखाद्या ओळीवर मनात चांगले विचार भरभरून यायला लागले तर बाकीच्या ओळी खुशाल राहू द्या, तिथेच गप्प बसून ऐका, कारण तेव्हा पवित्र आत्मा स्वतः शिकवत असतो. म्हणजे प्रार्थना "पूर्ण" करायची घाई नको. आपल्यातल्या कितीतरी जणांचं मन भटकतं ते नुसत्या घाईमुळे, कारण पाठ असलेले शब्द तोंड आपोआप म्हणतं आणि मन मोकळं सुटतं.

अजून एक, मोठ्याने प्रार्थना करा. म्हणजे शेजाऱ्यांना ऐकू जाईल इतकं नाही, पण ओठ हलू देत. मूल व्हावं म्हणून प्रार्थना करणाऱ्या हन्नाचे फक्त ओठ हलत होते आणि आवाज येत नव्हता असं १ शमुवेल १ मधे आहे (एली याजकाला तर वाटलं ती प्यायलीय), आणि तिच्या प्रार्थनेत किती जीव होता ते आपल्याला माहीत आहे.

आणि ती कामांची यादी येते ना, तिलाच प्रार्थनेत घ्या. मुलाची परीक्षा आठवली तर "अरे मी परत भटकले" म्हणून स्वतःला रागावत बसू नका, तिथेच म्हणा प्रभू, त्याची परीक्षा आहे, त्याच्याबरोबर राहा, आणि मग परत वचनाकडे या. ज्या गोष्टी मनाला सारख्या ओढतात त्या बहुतेक वेळा आपल्या काळजीच्या नाहीतर प्रेमाच्या गोष्टी असतात, आणि त्या देवासमोर आणायच्याच आहेत की! फिलिप्पै ४:६ मधे पौल हेच सांगतो, कशाचीही चिंता करू नका, तर सगळ्याच गोष्टींबद्दल आपली मागणी आभार मानून देवाला कळवा. सगळ्याच गोष्टी म्हणजे त्यात यादीही आली. नुसतं किरकोळ काही असेल, कोणाला फोन करायचाय वगैरे, तर जवळच्या कागदावर लिहून टाका आणि पुढे चला.

प्रश्न : "निरंतर प्रार्थना करा" असं वचन आहे. मी दिवसभर कामावर असतो, आकडेमोडीचं काम आहे, डोकं तिथे लावावंच लागतं. मग हे वचन फक्त पाळक लोकांसाठी आहे का?

हे वचन (१ थेस्सल ५:१७) लिहिणारा पौल स्वतः तंबू बनवायचा, प्रेषितांची कृत्ये १८ मधे आहे बघा, आणि त्याच थेस्सलनीकाच्या पत्रात तो सांगतो की तुमच्यावर भार पडू नये म्हणून आम्ही रात्रंदिवस काम केलं. तेव्हा ज्याला काम नाही अशा माणसाने हे लिहिलेलं नाही. दिवसभर डोक्यात देवाचाच विचार चालू ठेवा, दुसरा विचारच नको, असा त्याचा अर्थ असता तर त्याला एक तंबू धड शिवता आला नसता. तुम्ही आकडे जोडताना पूर्ण लक्ष आकड्यांवर ठेवलंत तर तुम्ही देवापासून लांब गेलात असं होत नाही, प्रामाणिकपणे केलेलं काम त्यालाच केलेलं असतं (कलस्सै ३:२३).

पण मधेमधे वळता येतं, आणि ते शिकण्यासारखं आहे. नहेम्या हा पारसाच्या राजाला द्राक्षारस देणारा यहूदी सेवक, तो राजासमोर उभा आहे, राजा विचारतो तुला काय पाहिजे, आणि तिथे लिहिलंय की त्याने स्वर्गीय देवाची प्रार्थना केली आणि राजाला उत्तर दिलं (नहेम्या २:४). किती वेळ मिळाला असेल त्याला? एक श्वास. राजाला कळलंही नसेल. पण त्याच्या आधीचा अध्याय वाचल्याशिवाय हे वचन वापरू नका, कारण यहूदी पंचांगातल्या किसलेव महिन्यात यरुशलेमेचा तट मोडून पडल्याची बातमी कळल्यापासून तो रडला होता, उपास केले होते, रात्रंदिवस प्रार्थना करत होता, आणि राजासमोरचा हा प्रसंग निसान महिन्यातला आहे, म्हणजे मधे चारेक महिने गेलेत. ती एका श्वासाची प्रार्थना त्या चार महिन्यांतून आली. आपण नुसतं जाता-येता "प्रभू बघ रे" म्हणतो आणि बसून वेळ देत नाही, मग ऐन वेळेला काही आठवत नाही.

१७व्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स म्हणून एक साधा माणूस होता, त्याला स्वैपाकघरात काम दिलेलं आणि ते काम त्याला मुळीच आवडायचं नाही. तरी तिथेच, भांड्यांच्या आवाजात, तो देवाशी बोलत राहायला शिकला, आणि त्याला हे सहज जमलं असं समजू नका, सुरुवातीची कितीतरी वर्षं फार जड गेली असं त्यानेच लिहिलंय. देवाचा विसर पडला हे लक्षात आलं की तो ते कबूल करायचा आणि परत देवाकडे वळायचा, रडत-कुढत बसायचा नाही. त्याच्याही खूप आधी इजिप्तच्या वाळवंटातले संन्यासी एकच वचन दिवसभर घोळवायचे, स्तोत्र ७० चं पहिलं, देवा मला सोडवायला ये, माझ्या मदतीला लवकर ये. जॉन कॅसियनने ५व्या शतकाच्या सुरुवातीला हे लिहून ठेवलं. भीती वाटली तरी तेच, राग आला तरी तेच, सगळं छान चाललं असलं तरी तेच, कारण छान चाललेलं असताना गर्वापासून सोडवायला लागतंच. तुम्ही असंच एक छोटं वचन घ्या. फाईल उघडताना, जिना चढताना, कोणी चिडून बोललं की उत्तर द्यायच्या आधी ते म्हणा. दानीएल दिवसातून तीनदा गुडघे टेकायचा आणि तो तर राज्याच्या तीन मुख्य अधिकाऱ्यांपैकी एक होता.

येशू घरी आला तेव्हा पाहुणचारात गुंतलेल्या मार्थाचंही लोक उगाच चुकीचं सांगतात. प्रभू तिला काम करते म्हणून बोलला नाही, तू पुष्कळ गोष्टींची काळजी आणि दगदग करतेस असं बोलला (लूक १०:४१). हात चालू होते त्याला हरकत नव्हती, मन तुकडे तुकडे झालं होतं ते त्याने दाखवलं.

प्रश्न : मोबाईलवर बायबल वाचतो, मधेच नोटिफिकेशन येतं आणि अर्धा तास जातो.

छापील बायबल घ्या, मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवा. खरंच एवढंच. पहाटे अंधार असतानाच प्रभू उठून एकांतात गेला तेव्हाही शिमोन (म्हणजे पेत्र) आणि सोबतचे शोधत आलेच की सगळे तुम्हाला शोधतायत (मार्क १:३५-३७), आणि गंमत बघा, तो त्यांच्या मागे परत त्या गर्दीकडे गेला नाही, आपण दुसऱ्या गावांना जाऊ म्हणाला. कोणीतरी शोधतंय म्हणून लगेच उठलंच पाहिजे असं नसतं.

प्रश्न : मी १९ वर्षांचा आहे. प्रार्थनेत, अगदी उपासना चालू असताना पण घाण विचार येतात, कधी देवाबद्दल वाईट शब्द मनात येतात. मला ते नको असतात. देवाने मला सोडलंय का?

अरे, तुला ते नको आहेत आणि त्यांचा त्रास होतोय, यावरूनच कळतं की त्याने सोडलेलं नाही. विचार येणं आणि त्याला बसायला जागा देणं यात खूप फरक आहे. प्रभू येशूची परीक्षा झाली तेव्हा सैतानाने जे सुचवलं ते त्याला ऐकावंच लागलं, शब्द त्याच्या कानावर आलेच, पण त्याने पाप केलं नाही. तो सर्व प्रकारे आपल्यासारखाच पारखला गेला असं इब्री ४:१५ सांगतं, तेव्हा तुझी लाज त्याच्यापासून लपवू नकोस, जे आलं ते जसंच्या तसं त्याला सांग.

आता एक गोष्ट नीट ऐक. त्या विचारांशी कुस्ती खेळू नकोस. "हे नको, हे नको" म्हणत राहिलास की डोक्यात तेच फिरत राहतं. मत्तय १२ मधे प्रभू एका झाडून साफ केलेल्या घराबद्दल बोलतो, घर रिकामं होतं म्हणून गेलेला अशुद्ध आत्मा आणखी सात जणांना घेऊन परत आला. नुसतं साफ करून भागत नाही, घरात कोणीतरी राहायला हवं. वाळवंटात प्रभूने तिन्ही वेळा शास्त्रातूनच उत्तर दिलं, तिन्ही वचनं बायबलमधल्या "अनुवाद" नावाच्या पुस्तकातली, ६व्या आणि ८व्या अध्यायातली. ती त्याच्या आत आधीपासून होती म्हणून ऐन वेळी आली. तू पण पाठ कर, फिलिप्पै ४:८ पासून सुरू कर, जे काही सत्य, जे काही आदरणीय, जे काही न्याय्य, जे काही शुद्ध… तिथे पहिला शब्द सत्य आहे हे लक्षात ठेव, कारण "देवाने मला सोडलं" हा विचार कितीही धार्मिक वाटला तरी तो सत्य नाही, मग त्याच्यावर मनन करायचं नाही. आणि रात्री उशिरापर्यंत स्क्रीनवर जे बघतोस त्यातून हे येत असेल तर ते बंद करावंच लागेल, त्याला प्रार्थना हा पर्याय नाही.

पण असे विचार दिवसभर थांबतच नसतील, आणि त्यांच्यामुळे तू परत परत तीच माफी मागतोस, तीच प्रार्थना "बरोबर" झाली नाही म्हणून पहिल्यापासून करतोस, झोप आणि अभ्यास बिघडतोय असं असेल तर कृपा करून मानसोपचार तज्ज्ञाला भेट. ओसीडी नावाचा आजार कधी कधी असाच, देवाधर्माच्या विचारांना धरून येतो, त्यावर उपचार आहेत आणि डॉक्टरकडे जाणं म्हणजे विश्वास कमी असणं नाही. घरच्यांना सांगायला जड जात असेल तर आधी पाळकांना सांग, पण एकटा राहू नकोस.

प्रश्न : घरात मोठं आजारपण आहे, पती अंथरुणावर आहेत. शास्त्र उघडते पण नुसती अक्षरं दिसतात. देवाचा विचार केला तरी शांती नाही, उलट जास्त रडू येतं.

ताई, स्तोत्र ७७ उघडा. तिथे स्तोत्रकर्ता आसाफ अगदी हेच म्हणतो, देवाचं स्मरण करतो आणि कण्हतो, झोप नाही, बोलवत नाही, देव कृपा करायला विसरला का असं सुद्धा विचारतो. आणि हे शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. म्हणजे देवाकडे मन लावलं की लगेच शांत वाटेल असं शास्त्रच म्हणत नाही. पुढे तो देवाने पूर्वी केलेली कामं आठवायला लागतो आणि हळूहळू बोलणं बदलतं, पण ते पुढे, आधी तो भरपूर रडून घेतो.

दुसरं, एलिया संदेष्टा झुडपाखाली मरण मागत पडला तेव्हा देवाने त्याला आधी झोपू दिलं, दूताकरवी खायला दिलं, परत झोपू दिलं, परत खायला दिलं (१ राजे १९), त्यानंतर कितीतरी दिवसांनी होरेब डोंगरावर बोलणं झालं. तुम्ही रात्र-रात्र जागताय. कोणी दोन तास बसायला येतो म्हटलं तर हो म्हणा आणि झोपा, त्यात देवाची सेवा कमी होत नाही. वाचवत नसेल तर कोणाला तरी वाचून दाखवायला सांगा, पतींच्या उशाशीच, दोघं ऐकाल. आणि शब्दच सुचत नसतील तर रोम ८:२६ तुमच्यासाठीच आहे, आत्मा स्वतः शब्दांवाचूनच्या कण्हण्याने मध्यस्थी करतो. तुम्ही आम्हाला लिहिलंत तेव्हापासून आम्ही इथे तुमच्या दोघांसाठी प्रार्थना करतोय.

प्रश्न : सुरुवात कुठून करू? मला फार वेळ नसतो, आणि मोठं काही वाचलं की लक्ष लागत नाही.

स्तोत्र ११९ ला हात लावू नका एवढ्यात, १७६ वचनं आहेत, त्याची वेळ येईल. १३१ घ्या, तीनच वचनं आहेत, आणि दावीद त्यात हेच सांगतो की जे माझ्या आवाक्याबाहेरचं आहे त्यात मी पडत नाही, मी माझा जीव शांत केलाय. आठवडाभर तेच ठेवा, सकाळी एकदा मोठ्याने वाचा, दिवसात आठवेल तेवढं म्हणा, झोपताना परत वाचा. पुढच्या आठवड्यात १२१, मग २३. मधे एखादा दिवस राहिला तर राहिलेलं भरून काढायला जाऊ नका, त्या दिवसाचं जे असेल ते वाचा. महिन्याभराने कसं चाललंय ते आम्हाला जरूर कळवा.