रिसेप्शनचा फॉर्म आणि पसंतीक्रमाचं कोडं

प्रश्न : पुण्याहून आम्ही लंडनच्या हॅरो भागात राहायला आलो. मुलगी मार्चमध्ये चार वर्षांची होईल, सप्टेंबरपासून रिसेप्शनला, म्हणजे इथल्या शाळेच्या पहिल्याच वर्षाला जाईल. सरकारी शाळेचा फॉर्म भरायचाय. आम्हाला आवडलेली, सरकारी तपासणीत 'आउटस्टँडिंग' हा सर्वोच्च शेरा मिळालेली शाळा घरापासून दोन किलोमीटरवर आहे. ती पहिली टाकली आणि मिळाली नाही, तर घराजवळचीही हातची जाईल, असं ओळखीचे म्हणतात. काय करावं?

उत्तर : ताई, ओळखीच्यांच्या डोक्यात बहुधा आपली अकरावीची ऑनलाइन प्रवेश प्रक्रिया आहे. तिथे पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं की घ्यावंच लागतं, म्हणून पालक पसंतीक्रमाचे डावपेच लढवत बसतात. इंग्लंडमध्ये त्याची गरजच नाही. तुम्ही कितवा नंबर दिलाय, हे शाळेला प्रवेश ठरवताना कळतच नाही. प्रत्येक शाळेची यादी तिच्या निकषांवर लागते. दोन-तीन ठिकाणी नंबर लागत असेल, तर त्यांतली तुमच्या फॉर्मवर सगळ्यांत वर असलेली शाळा कौन्सिल (तुमच्या भागाची पालिका) तुम्हाला देते. तेव्हा आवडती शाळा खुशाल पहिली टाका. जवळच्या शाळेतली तुमची संधी तेवढीच राहते.

मला खटकतात ते दोन किलोमीटर. कौन्सिलच्या देखरेखीखालची मुलं, मग बहुतेक ठिकाणी आधीच शाळेत असलेल्यांची भावंडं, आणि उरलेल्या जागा अंतरावर, असा साधारण क्रम असतो. मागच्या वर्षी शेवटचा प्रवेश किती अंतरावरच्या मुलाला मिळाला, हे कौन्सिलच्या प्रवेश पुस्तिकेत सापडतं. मागणी असलेल्या शाळेत हा आकडा काहीशे मीटरवरच अडकलेला असतो. आधी तो बघा, शेरा नंतर. आणि त्या शेऱ्याची तारीखही बघा. 'आउटस्टँडिंग' शाळांना 2020 पर्यंत कित्येक वर्षं नियमित तपासणीतून सूट होती, त्यामुळे काही शेरे फार जुने आहेत. सप्टेंबर 2024 पासून तर सरकारी शाळांना असा एका शब्दाचा एकूण शेरा देणंच ऑफस्टेड या शाळा तपासणाऱ्या सरकारी संस्थेने थांबवलंय. त्यापेक्षा एकदा शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी उभ्या राहा, पुष्कळ कळतं.

लंडनमध्ये सहा शाळा टाकता येतात, सहाही टाका. त्यांत अंतरात सहज बसणारी एक तरी हवीच. 'एकच टाकली की तीच देतील' हा निव्वळ गैरसमज आहे. ती मिळाली नाही, तर जिथे जागा उरली असेल तिथे पाठवतात. मुलगी त्याच शाळेच्या नर्सरीत जात असली, तरी रिसेप्शनसाठी नवा अर्ज करावाच लागतो. हॅरोत कृष्ण अवंती ही 2008 साली सुरू झालेली सरकारी खर्चाने चालणारी हिंदू शाळाही आहे. अशा धर्माधिष्ठित शाळांचा बहुतेक वेळा वेगळा पूरक फॉर्म असतो, तो विसरला की नंबर मागे जातो. शाळेजवळच्या मित्राचा पत्ता मात्र चुकूनही देऊ नका. उघडकीला आलं तर दिलेला प्रवेशही काढून घेतात.

मुदत 15 जानेवारीची, निकाल 16 एप्रिलला. मनासारखी शाळा मिळाली नाही तरी मिळालेली आधी स्वीकारा, वरच्या शाळेच्या प्रतीक्षा यादीतला तुमचा नंबर त्याने हलत नाही. अपिलावर फार विसंबू नका. रिसेप्शनसारख्या लहान वर्गांत एका शिक्षकामागे तीसच मुलं, असा कायदा आहे, त्यामुळे रिसेप्शनची अपिलं क्वचितच यशस्वी होतात.