टेक्सासमध्ये मागच्या वर्षी घर घेतलं. अप्रेझलची, म्हणजे प्रॉपर्टी टॅक्ससाठी धरलेल्या घराच्या किमतीची, नोटीस आली आहे. प्रोटेस्ट, म्हणजे त्या किमतीवर हरकत, करावा का, आणि एजंट घ्यावा का?

करा, आणि याच वर्षी करा. असा प्रश्न निघाला की कोणीतरी हमखास सांगतं, "पाच-सातशे डॉलरसाठी एवढी दगदग कशाला?" तुमच्या बाबतीत हा सल्ला साफ चुकीचा आहे.

मागच्या वर्षी घर घेतलंत, म्हणजे पूर्ण वर्षाचं होमस्टेड एक्झम्प्शन (राहत्या घराची टॅक्स-सूट) यंदाच्या १ जानेवारीपासून. (अर्ज केला नसेल तर आज करा.) पण करपात्र किंमत वर्षाला १० टक्क्यांच्या वर न जाऊ देणारी कॅप लागते पुढच्या १ जानेवारीपासून. यंदाच्या आकड्याला कुठलंच झाकण नाही, आणि पुढची कॅप मोजली जाणार ती यंदाच्याच आकड्यावर. समजा नोटीस ५,८०,००० डॉलरची आहे. गप्प बसलात तर पुढच्या वर्षी ती ६,३८,००० पर्यंत जाऊ शकते. यंदा ५,४०,००० वर आणलीत तर पुढची मर्यादा ५,९४,०००. टॅक्सचा एकूण दर २ टक्के धरला तर यंदा ८०० डॉलर वाचतात, आणि बाजार चढता राहिला तर पुढच्या वर्षी ८८०. पायाच खाली बसतो, म्हणून हे वर्ष सोडायचं नाही.

ज्यांचं घर जुनं आहे आणि कॅप आधीच लागली आहे, त्यांचा हिशेब उलटा. मार्केट व्हॅल्यू ६,५०,००० आणि कॅपमुळे करपात्र किंमत ५,२०,००० असेल, तर मार्केट व्हॅल्यू ६,००,००० वर आणून यंदा एक डॉलरही वाचत नाही. ५,२०,००० च्या खाली नेता येत असेल तरच उपयोग. नोटिशीतले दोन्ही आकडे शेजारी ठेवून आधी हे बघा.

मुदत १५ मे, किंवा नोटीस पाठवल्यापासून ३० दिवस, यातली जी नंतरची असेल ती. प्रोटेस्टच्या फॉर्मवर दोन्ही कारणांवर खूण करा: किंमत बाजारभावापेक्षा जास्त, आणि इतर घरांच्या तुलनेत असमान आकारणी. एकाच कारणावर खूण केलीत तर दुसरा मुद्दा हिअरिंगमध्ये अडतो. त्याच वेळी डिस्ट्रिक्टचा, म्हणजे किंमत ठरवणाऱ्या अप्रेझल डिस्ट्रिक्ट या कार्यालयाचा, पुरावा मागा. मागितलात तर हिअरिंगच्या निदान १४ दिवस आधी तो तुम्हाला द्यावाच लागतो, आणि जो दिला नाही तो त्यांना तिथे वापरता येत नाही.

माझ्या मते खरं हत्यार असमान आकारणी हेच. टेक्सासमध्ये विक्रीच्या किमती जाहीर करायचं बंधन नाही, त्यामुळे बाजारभावाच्या वादात माहिती त्यांच्याकडे जास्त. आकारणी मात्र वेबसाइटवर सगळ्यांना दिसते. तुमच्याच सबडिव्हिजनमधली, त्याच दर्जाची, जवळपास त्याच वर्षी बांधलेली, क्षेत्रफळात फार फरक नसलेली सात-आठ घरं काढा. क्षेत्रफळ, वय, स्विमिंग पूल यांच्या फरकासाठी त्यांचे आकडे जुळवून घ्या. किती जुळवायचं हे डिस्ट्रिक्टच्या तक्त्यात लिहिलेलं असतं, तेच वापरा म्हणजे वाद उरत नाही. मग मीडियन, म्हणजे चढत्या क्रमातला मधला आकडा काढा. तुमची किंमत त्याच्या वर असेल तर कायदा तुमच्या बाजूने आहे. कधीकधी डिस्ट्रिक्टने पुराव्यात दिलेल्या घरांच्या तक्त्यातली मीडियनच तुमच्या किमतीच्या खाली निघते, म्हणून तो तक्ता आधी तपासा.

लोक हमखास चुकतात ते इथे: शेजाऱ्याची कॅप लागलेली कमी किंमत घेऊन जातात. ती दहा वर्षं तिथे राहिल्यामुळे कमी झालेली असते, तुलनेत चालत नाही. घ्यायचा तो मार्केट व्हॅल्यूचा रकाना.

घराच्या नोंदीही बघा. जास्तीचं बाथरूम, चुकीचं क्षेत्रफळ, मोडलेल्या पॅटिओची नोंद अशा गोष्टी निघतात. डॅलसकडच्या काळ्या चिकणमातीत फाउंडेशनला तडे जातात; त्याचे फोटो आणि कंत्राटदाराचं लेखी एस्टिमेट लागतं, तोंडी सांगून काही होत नाही. घराची स्थिती १ जानेवारीची धरतात. एप्रिलच्या गारपिटीत फुटलेलं छप्पर यंदा मोजत नाहीत.

आधी डिस्ट्रिक्टच्या अप्रेझरशी अनौपचारिक बोलणं होतं. पटलं नाही तर अप्रेझल रिव्ह्यू बोर्ड. समोर बसतात ते स्थानिक रहिवासी, डिस्ट्रिक्टचे नोकर नव्हेत. वेळ साधारण पंधरा मिनिटं. पहिल्या वाक्यात आपला आकडा सांगा, मग तक्ता द्या. "टॅक्स परवडत नाही" म्हणू नका, कारण दर ठरवणं त्यांच्या हातात नाही. ते शहर, काउंटी आणि स्कूल डिस्ट्रिक्ट ठरवतात. तडजोडीवर सही केलीत की यंदापुरता विषय संपला, म्हणून पहिल्या ऑफरला घाईने हो म्हणू नका.

आता एजंट. तो बचतीतला टक्का घेतो आणि ढिगाने घरं हाताळतो. तुमच्या फाउंडेशनचा फोटो तो काढणार नाही. वेळच नसेल तर जरूर घ्या, पण बचत कशावर मोजणार हे करारात वाचा. मार्केट व्हॅल्यूतल्या घटीवर मोजत असेल तर कॅपवाल्या घरात शून्य फायद्याचंही बिल येऊ शकतं. शिवाय एजंट नेमला नसेल तर कारण न देता एकदा हिअरिंग पुढे ढकलून मिळते.

आपल्या मराठी मंडळींमध्ये एक समजूत घट्ट बसली आहे: "किंमत कमी करून घेतली तर घर विकताना भाव पडेल." मी हे इतक्यांदा ऐकलंय की आता स्पष्टच सांगतो, असं होत नाही. घेणाऱ्याची बँक स्वतःचा अप्रेझर पाठवते आणि तो आसपासच्या विक्रीवरून किंमत काढतो. या भीतीपोटी माणसं वर्षानुवर्षं जास्तीचा टॅक्स भरतात.

दोन गोष्टी राहिल्या. बाजार उतरता असेल तर वर सांगितलेला कॅपचा फायदा पुढच्या वर्षी दिसणार नाही, यंदाचा तेवढा पदरात पडेल. आणि बोर्डाचा निकाल पटला नाही तर ६० दिवसांत आर्बिट्रेशन, म्हणजे लवादाकडे दाद, मागता येतं, राहत्या घरासाठी अनामत ४५० किंवा ५०० डॉलर. तोवर वाद नसलेला टॅक्स ३१ जानेवारीपर्यंत भरून टाका, नाहीतर केसच बाद होते.