वाचकांचे प्रश्न : मेलबर्नची मोफत ट्राम आणि तिची हद्द

प्रश्न : आम्ही दोघेही निवृत्त असून लवकरच ऑस्ट्रेलियात मेलबर्नला मुलीकडे जाणार आहोत. तिचे घर टार्नेट या उपनगरात आहे. मेलबर्नमध्ये ट्राम मोफत असते, असे शेजाऱ्यांनी सांगितले. मुलगी मात्र म्हणते, ‘सगळीकडे नाही, चुकलात तर दंड बसेल.’ मुलगी आणि जावई कामावर गेल्यावर आमचे आम्हाला शहर पाहता येईल का? यजमानांचे गुडघे दुखतात, त्यामुळे फार चालणे जमत नाही.
— एक वाचक भगिनी, ठाणे

उत्तर : शेजारी आणि मुलगी, दोघांचेही म्हणणे खरे आहे. मेलबर्नच्या मध्यवर्ती भागात १ जानेवारी २०१५ पासून ट्रामचा प्रवास सर्वांना मोफत आहे. तुम्ही तिथले रहिवासी आहात की पाहुणे, हे कोणी विचारत नाही. ही हद्द ढोबळमानाने अशी : पूर्वेला स्प्रिंग स्ट्रीट, दक्षिणेला फ्लिंडर्स स्ट्रीट, उत्तरेला ला ट्रोब स्ट्रीट आणि त्यापलीकडचे क्वीन व्हिक्टोरिया मार्केट, तर पश्चिमेला बंदराकडचा डॉकलंड्स हा भाग. या हद्दीत कोणत्याही क्रमांकाच्या ट्राममध्ये बसा, तिकीट लागत नाही. आगगाडी आणि बस यांना मात्र ही सवलत नाही, मग त्यांचा प्रवास याच रस्त्यांवरून किंवा यांच्याखालून होत असला तरीही.

तिथे ‘मायकी’ नावाचे कार्ड यंत्राला लावून भाडे दिले जाते. केवळ मोफत हद्दीतच फिरायचे असेल, तर ट्राममधील यंत्राला कार्ड लावू नये, कारण यंत्राला तुमचा बेत कळत नाही आणि ते भाडे कापून मोकळे होते. उलट, हद्द एका थांब्यानेही ओलांडायची असेल, तर कार्ड लावलेच पाहिजे. फेडरेशन स्क्वेअरचा थांबा मोफत आहे; तिथून दक्षिणेला यारा नदीचा पूल ओलांडला की येणारा आर्ट्स प्रीसिंक्टचा थांबा मोफत नाही. दोहोंत अंतर इतके थोडे, की गप्पांच्या नादात कोणीही पुढे जाईल. ट्राममध्ये हद्द संपत असल्याची घोषणा होते, तिच्याकडे लक्ष असू द्यावे. तिकीट तपासनिसाने पकडल्यास प्रौढ व्यक्तीला होणारा दंड तीनशे डॉलरच्या आसपास जातो आणि ‘आम्हाला माहीत नव्हते’ या सबबीची तिथे फारशी किंमत नाही.

आता तुमच्या बाबतीतला खरा मुद्दा. टार्नेटहून तुम्ही आगगाडीने सदर्न क्रॉस स्थानकात उतराल, म्हणजे येताना दोन तास चालणारे एक भाडे भराल आणि संध्याकाळी परतताना तसेच दुसरे. मायकीच्या दिवसभराच्या भाड्याची कमाल मर्यादा नेमकी अशा दोन भाड्यांइतकीच आहे; शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी तर ती त्याहूनही कमी असते. याचा अर्थ असा, की ज्या दिवशी तुम्ही गाडीने शहरात याल आणि दोन तासांनंतर परत जाल, त्या दिवशी मधल्या वेळेत ९६ क्रमांकाच्या ट्रामने सेंट किल्डाचा समुद्रकिनारा पाहून आलात, तरी खिशातून एक सेंटही जास्तीचा जाणार नाही. फक्त हद्दीबाहेर जाताना कार्ड लावायला विसरू नये. मोफत हद्दीचा सर्वाधिक लाभ शहरातच हॉटेलात उतरलेल्या पाहुण्याला होतो. उपनगरातून येणाऱ्याने तिचे फार दडपण घेऊ नये. एवढी माहिती मुलीलाही द्या, तिची काळजी बरीच कमी होईल.

गुडघ्यांचा विचार करून एक गोष्ट सांगतो. १८३७ मध्ये रॉबर्ट हॉडल यांनी आखलेला हा मध्यभाग दोन किलोमीटरहूनही कमी लांब आणि साधारण त्याच्या निम्मा रुंद आहे, पण तो सपाट नाही. एलिझाबेथ स्ट्रीटच्या जागी पूर्वी ओढा वाहत असे. तिथे खोलगट भाग असून दोन्ही बाजूंना चढ लागतो. म्हणून कॉलिन्स किंवा बर्क स्ट्रीटवरून ट्रामने थेट वर स्प्रिंग स्ट्रीटपर्यंत जावे, संसद भवन आणि जुन्या खजिन्याची इमारत पाहावी आणि मग उताराने रमतगमत खाली यावे. चढ ट्रामचा, उतार आपला. उतारावरही गुडघे कुरकुरू लागले, तर थांबे जवळजवळ आहेत. मात्र मोठ्या रस्त्यांच्या मधून जाणाऱ्या लिट्ल कॉलिन्स, लिट्ल बर्क अशा अरुंद रस्त्यांवर ट्राम नाही, हे लक्षात असावे.

३५ क्रमांकाची ‘सिटी सर्कल’ ही ट्राम १९९४ पासून मोफत असून मध्यभागाला वळसा घालते. तिच्यावर जुन्या डब्ल्यू वर्गाचे डबे धावतात, आतले लाकूडकाम पाहण्यासारखे असते आणि आजूबाजूच्या ठिकाणांची ध्वनिमुद्रित माहितीही ऐकवली जाते. तथापि या डब्यांची पायरी उंच आहे. यजमानांना चढणे अवघड वाटल्यास पायरी खाली असलेल्या नव्या ट्रामने बहुतेक तीच ठिकाणे गाठता येतात. लाकडी डब्याची हौस एकदा, गर्दी नसताना, भागवून घ्यावी.

पाहण्यासारख्या ठिकाणांपैकी पुष्कळशी हद्दीच्या आतच आहेत आणि काहींना प्रवेशशुल्कही नाही. स्वॉन्स्टन स्ट्रीटवरील स्टेट लायब्ररीचे १९१३ मध्ये खुले झालेले अष्टकोनी, घुमटाखालचे वाचनालय चुकवू नये; तिथे निवांत बसताही येते. क्वीन व्हिक्टोरिया मार्केट १८७८ पासून भरते. सोमवारी आणि बुधवारी ते बंद असते, तेव्हा पिशवी घेऊन त्या दिवशी निघू नका.

प्रश्न : शहरे ही सेवा मोफत का देतात? मुंबई-पुण्यात असे का होऊ नये?
— एक वाचक, पुणे

उत्तर : प्रत्येक ठिकाणचे कारण निराळे आहे. मेलबर्नमध्ये २०१४ च्या निवडणुकीपूर्वी दोन्ही प्रमुख पक्षांनी मोफत ट्रामला पाठिंबा दिला आणि तिचा जन्म झाला. पुढे २०२० मध्ये ‘इन्फ्रास्ट्रक्चर व्हिक्टोरिया’ या सरकारच्या सल्लागार संस्थेने ती रद्द करण्याची शिफारस केली. तिचा आक्षेप विचार करण्याजोगा होता : डबे खचाखच भरतात, जे अंतर लोक पायी जात असत त्यासाठीही ट्राममध्ये चढतात आणि लाभ मिळतो तो आधीच मध्यभागात असलेल्यांना, मोटारीने येणाऱ्यांनाही, दूरच्या उपनगरातला प्रवासी मात्र भाडे भरतच राहतो. तरीही ती सुरू राहिली.

एस्टोनियाच्या टॅलिन शहराने २०१३ मध्ये आपल्या नोंदणीकृत रहिवाशांपुरतीच वाहतूक मोफत केली. तिथे रहिवाशाच्या प्राप्तिकराचा वाटा त्याच्या शहराच्या तिजोरीत जातो, त्यामुळे मोफत प्रवासासाठी लोकांनी पत्ता शहरात नोंदवला, की शहराचे उत्पन्न वाढते. लक्झेंबर्गने २०२० मध्ये साऱ्या देशातील बस, ट्राम आणि आगगाड्या रहिवासी-परदेशी असा भेद न करता मोफत केल्या. केवळ आगगाडीच्या पहिल्या वर्गाला तिकीट उरले.

आपल्याकडे ‘बेस्ट’ने २०१९ मध्ये किमान भाडे ५ रुपयांवर आणले, तेव्हा प्रवासी वाढले, मे २०२५ मध्ये ते साध्या बससाठी १० रुपये झाले. माझे मत विचाराल, तर मुंबई-पुण्याच्या थांब्यावर ताटकळणाऱ्या माणसाची पहिली तक्रार तिकिटाच्या दराविषयी नसून न येणाऱ्या बसविषयी असते. बस पुरेशा नसताना भाडे माफ करणे म्हणजे रांग वाढवणे. आधी बस वाढवाव्यात, मग माफीचा विचार करावा.

प्रश्न : माझे वय ७६ असून एसटीने मोफत प्रवास करतो. साताऱ्याहून मुंबईला मुलाकडे गेल्यावर तिथल्या शहर बसमध्येही ही सवलत चालेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : नाही. ऑगस्ट २०२२ मध्ये सुरू झालेली ‘अमृत ज्येष्ठ नागरिक’ योजना राज्याच्या हद्दीतील एसटीच्या गाड्यांपुरती आहे. शहरी बससेवेला ती लागू नाही. ‘बेस्ट’ हा स्वतंत्र उपक्रम असल्याने तिथे त्याचेच नियम चालतात. मात्र साताऱ्याहून गाडी निवडताना थोडी चौकशी केलीत, तर शहरातला बराचसा प्रवास एसटीतच उरकता येईल. मुंबईकडे जाणारी प्रत्येक गाडी एकाच ठिकाणी संपत नाही आणि वाटेत शहराच्या हद्दीतही थांबे असतात. मुलाच्या घराला जवळचा थांबा कोणता, हे त्याला फोन करून विचारावे आणि ती गाडी तिथे थांबते का, याची साताऱ्याच्या आगारातच खात्री करून घ्यावी. भाडे नसले, तरी वाहकाकडून शून्य मूल्याचे तिकीट घ्यावे लागते आणि वयाचा पुरावा जवळ असावा लागतो, हे आपणांस ठाऊक असेलच.